क्वीन्समध्ये रेंट स्टॅबिलाइज्ड घर: शोधायचं कसं, तपासायचं कसं

पुण्याहून आलेलं एक जोडपं मागे माझ्याकडे लीजचे कागद घेऊन आलं. जॅक्सन हाइट्समध्ये एका बेडरूमचं घर, सहा मजली जुनी विटांची इमारत. घर घेताना ब्रोकर म्हणाला होता, "बिल्डिंग स्टॅबिलाइज्ड आहे," म्हणजे भाडं किती वाढवायचं यावर कायद्याने मर्यादा असलेली. वर्षभराने भाडं एकदम चारशे डॉलरने वाढवल्याचं पत्र आलं. मी स्टॅबिलाइज्ड इमारतींची सरकारी यादी उघडून पाहिली. इमारतीचं नाव त्यात होतं, पण त्यापुढे 'को-ऑप' (घरं रहिवाशांच्या मालकीची असलेली इमारत) अशी नोंद होती आणि यांचं घर त्या कायद्यात बसतच नव्हतं. दोघांनी इमारतीची चौकशी केली होती, स्वतःच्या घराची केलीच नव्हती.

हीच चूक मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. लोक आधी घराच्या प्रेमात पडतात, मग डिपॉझिट भरतात आणि कागद शेवटी बघतात. इथे क्रम उलटा हवा. उदाहरणासाठी मी जॅक्सन हाइट्स (झिप कोड ११३७२) घेतलं आहे, पण एल्महर्स्ट, वुडसाइड, सनीसाइड किंवा न्यूयॉर्क शहरातल्या कुठल्याही वस्तीला हेच टप्पे लागू पडतात. जर्सी सिटी किंवा एडिसनला यातलं काही लावू नका, नदीपलीकडे न्यू जर्सीत गावागणिक नियम वेगळे आहेत.

सुरुवातीला दोन समजुती बाजूला ठेवा

पहिली समजूत अकरा महिन्यांची. मुंबई-पुण्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं किंवा मालक म्हणेल ती वाढ द्यायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. स्टॅबिलाइज्ड घरात तसं नसतं. लीज संपली की ती पुन्हा करून मिळणं हा तुमचा हक्क असतो आणि वाढ किती घ्यायची हे शहराचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या काळात सुरू होणाऱ्या लीजसाठी बोर्डाने एक वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के वाढ ठरवली.

दुसरी समजूत पागडीची. गिरगाव-दादरमध्ये वाढलेली माणसं मला विचारतात, "म्हणजे पागडीसारखंच ना?" नाही. स्टॅबिलाइज्ड घर तुम्हाला विकता येत नाही आणि सोडताना पुढच्या भाडेकरूकडून पैसे घेता येत नाहीत. आत शिरताना कोणी 'चावीचे पैसे' मागितले तर ती मागणी बेकायदेशीर आहे.

टप्पा १: कागदांची फाइल तयार ठेवा

चांगलं घर दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून घर बघायला निघण्यापूर्वीच एकाच पीडीएफमध्ये हे सगळं ठेवा: ओळखपत्र, नोकरीचं पत्र (पगार लिहिलेलं), शेवटच्या तीन-चार पगारपावत्या, दोन-तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न आणि आधीच्या घरमालकाचं पत्र असेल तर तेही.

बहुतेक मालक वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात. २,२०० डॉलरच्या घरासाठी ८८,००० डॉलर झाले. तेवढं नसेल तर जामीनदार लागतो आणि त्याचं उत्पन्न सहसा ऐंशीपट मागितलं जातं. भारतातून नुकत्याच आलेल्यांचा क्रेडिट स्कोअर नसतोच. अशा वेळी शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत, पण हवी ती कंपनी मालकाला चालते का हे आधी विचारून घ्या.

सावधान: क्रेडिट नाही म्हणून आपली मंडळी स्वतःहून म्हणतात, "सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो." असं म्हणू नका. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून डिपॉझिट किंवा आगाऊ रक्कम म्हणून मालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. अर्जाच्या तपासणीचं शुल्कही २० डॉलरच्या वर घेता येत नाही.

टप्पा २: आधी इमारतींची यादी, मग जाहिराती

स्टॅबिलाइज्ड घरं शहरात सुमारे दहा लाख आहेत, पण कुठल्याही जाहिरात साइटवर ती वेगळी काढून ठेवलेली नसतात. म्हणून आधी इमारती गोळा करा. रेंट गाइडलाइन्स बोर्डाच्या साइटवर प्रत्येक बरोची, म्हणजे क्वीन्ससारख्या शहराच्या प्रत्येक मोठ्या भागाची, यादी असते. मालकांनी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे डीएचसीआरकडे, नोंदवलेल्या इमारती त्यात असतात. क्वीन्सची यादी उघडा, तुमचा झिप कोड गाळून घ्या आणि त्यातले रस्ते नकाशावर टाका.

साधारण कसोटी अशी: इमारत १९७४ पूर्वी बांधलेली असावी आणि तिच्यात किमान सहा घरं असावीत. नव्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या इमारतीही कायद्यात येतात, पण त्यांच्या मालकाने ४२१-ए किंवा जे-५१ सारखी करसवलत घेतलेली असते आणि ती सवलत चालू असेपर्यंतच हे संरक्षण पक्कं असतं.

क्वीन्समध्ये इथेच पहिली गाळणी लागते. रस्त्यांवर ओळीने उभी असलेली दोन-तीन कुटुंबांची घरं, ज्यांच्या वरच्या मजल्यावर आपले बरेच लोक भाड्याने राहतात, ती या कायद्यात येत नाहीत. मी इमारतीपाशी गेले की दारावरची बेलची बटणं मोजते. पाच असली तर बहुतेक वेळा तिथूनच परत फिरते. सहा किंवा जास्त असली की पुढे बघते.

यादीत प्रत्येक इमारतीसमोर एक-दोन शेरे असतात. जॅक्सन हाइट्समध्ये त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा शेरा 'को-ऑप/काँडो प्लॅन फाइल्ड' हा, म्हणजे इमारतीतली घरं मालकीची करण्याची योजना दाखल झालेली आहे. चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या, आत बाग असलेल्या कितीतरी देखण्या इमारती को-ऑप आहेत. तिथे पूर्वीपासून राहणारे काही भाडेकरू अजून स्टॅबिलाइज्ड असतात, म्हणून इमारत यादीत दिसते. पण को-ऑप झाल्यानंतर रिकामं झालेलं घर साधारणपणे कायद्याच्या बाहेर जातं. तुम्हाला मिळणार ते रिकामंच घर. तेव्हा हा शेरा दिसला की इमारत यादीच्या तळाशी ढकला.

पडताळणी: यादीत नाव नसणं म्हणजे इमारत स्टॅबिलाइज्ड नाही, असं नाही. मालकाने त्या वर्षी नोंदणी केली नसेल. दुसरा पुरावा म्हणून शहराच्या अर्थखात्याच्या साइटवर पत्ता टाकून मालमत्ता कराचं बिल काढा. साधारण जूनच्या बिलात 'हाउसिंग-रेंट स्टॅबिलायझेशन' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे घरांची संख्या. साठ घरांच्या इमारतीत ती संख्या बावन्न असेल तर शक्यता चांगली, चार असेल तर फारच कमी. पाच-सहा वर्षांची बिलं काढून हा आकडा कसा उतरत गेला तेही पाहा. मालकाचा कल त्यातून कळतो.

टप्पा ३: इमारतीची प्रकृती घरबसल्या पाहा

शहराच्या गृहखात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या साइटवर पत्ता टाकला की त्या इमारतीच्या तक्रारी आणि उल्लंघनं दिसतात. उल्लंघनांचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. सी म्हणजे तातडीचा धोका: हीटिंग नाही, गरम पाणी नाही, लहान मूल असलेल्या घरात शिशाचा रंग. जुन्या इमारतीत ए आणि बी वर्गातली थोडीफार उल्लंघनं असणारच, त्याने घाबरू नका. बघायचं ते हे की सी वर्गातली किती अजून उघडी आहेत आणि दर हिवाळ्यात हीटिंगच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात का. दोन-तीन हिवाळे ओळीने तशा आल्या असतील तर बॉयलरला काहीतरी झालेलं आहे आणि मालक पैसे खर्च करत नाही.

कागद पाहून एवढं काम झालं की तुमच्याकडे वीस-पंचवीस पत्ते उरतील.

टप्पा ४: त्या पत्त्यांवर जाऊन शोधा

जाहिरात साइटवर 'रेंट स्टॅबिलाइज्ड' हा शब्द टाकून शोधा, रोज शोधा. पण माझ्या पाहण्यात अशी बरीचशी घरं इमारतीच्या दाराशी सापडतात. प्रवेशद्वारापाशी मॅनेजमेंट कंपनीचं नाव आणि फोन नंबर लावलेला असतो. तो लिहून घ्या आणि थेट फोन करा. सकाळी कचऱ्याच्या पिशव्या बाहेर काढताना सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, भेटतो. त्याला विचारा, पुढच्या महिन्यात कोणी जातंय का. मला स्वतःला घर असंच मिळालं. सुपरने फक्त "तिसऱ्या मजल्यावर सामान बांधतायत" एवढं सांगितलं आणि मी त्याच दुपारी ऑफिसला फोन केला.

ब्रोकरबद्दल एक गोष्ट बदलली आहे. ११ जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर नेमला त्यानेच त्याची फी द्यायची, असा शहराचा कायदा आहे. मालकाच्या ब्रोकरने दाखवलेल्या घरासाठी तुमच्याकडे फी मागितली तर ती देऊ नका.

फोनवर प्रश्न असे विचारा, याच क्रमाने:

१. हे घर, म्हणजे ४-सी (जो घराचा नंबर असेल तो), सध्या डीएचसीआरकडे स्टॅबिलाइज्ड म्हणून नोंदलेलं आहे का?
२. मागच्या भाडेकरूचं कायदेशीर भाडं किती होतं?
३. जाहिरातीतलं भाडं पूर्ण आहे, की फुकटचा महिना धरून काढलेलं?
४. लीजसोबत स्टॅबिलायझेशन रायडर (भाडं कसं ठरलं ते सांगणारा जोडकागद) मिळेल ना?

पहिल्या प्रश्नावर "बिल्डिंग स्टॅबिलाइज्ड आहे" असं उत्तर आलं, तर प्रश्न घराच्या नंबरासह पुन्हा विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट भाड्याच्या आकड्यासह त्याच दिवशी काढून ठेवा. घर गेलं की जाहिरातही जाते आणि नंतर वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही.

टप्पा ५: घर पाहताना

शक्य असेल तर एकदा दिवसा आणि एकदा रात्री जा. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरून सात नंबरची गाडी डोक्यावरून धावते. शनिवारी दुपारी खिडकी बंद असताना तो आवाज लक्षात येत नाही, रात्री मात्र दर काही मिनिटांनी येतो.

स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या कोपऱ्यात, पाइप भिंतीत शिरतो तिथे मारा. तिळासारखे काळे ठिपके दिसले तर झुरळं आहेत. ताजा रंग फक्त त्याच कपाटात दिसला तर जास्त बारकाईने बघा. गरम पाण्याचा नळ सोडून मिनिटभर थांबा. प्रत्येक खोलीत रेडिएटर आहे का, त्याचा व्हॉल्व्ह फिरतो का, खाली गंजाचं पाणी साचलंय का ते पाहा. कायद्याने हीटिंगचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मे असतो. दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत किमान ६८ हवेत आणि रात्री, बाहेर काहीही असो, किमान ६२.

मूल सहा वर्षांखालचं असेल आणि इमारत १९६० पूर्वीची असेल तर शिशाच्या रंगाबद्दल विचारा. दहा किंवा त्याहून कमी वयाचं मूल असेल तर खिडक्यांना गार्ड बसवून देणं मालकावर बंधनकारक आहे. लीजबरोबर ढेकणांच्या इतिहासाचा फॉर्म यायला हवा. तो मागून घ्या, मागताना संकोच नको.

पडताळणी: स्वयंपाकघर आणि बाथरूम नवं कोरं असो की जुनं, त्यांचे फोटो काढा. ओटा, कपाटं, फरशी, स्टोव्हचं मॉडेल. पुढे भाडं तपासताना त्यांचं काम पडणार आहे.

टप्पा ६: आकडा जुळवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. घर स्टॅबिलाइज्ड असूनही भाडं चुकीचं असू शकतं आणि तसं खूप वेळा असतं.

२०१९ पूर्वी घर रिकामं झालं की मालक वीस टक्क्यांची वेगळी वाढ घेत असे आणि भाडं एका मर्यादेपलीकडे नेऊन घर कायद्याबाहेर काढत असे. शेवटी ती मर्यादा २,७७४.७६ डॉलर होती. १४ जून २०१९ पासून दोन्ही वाटा बंद झाल्या. पण त्याआधी रीतसर बाहेर गेलेली घरं बाहेरच राहिली. म्हणूनच एकाच मजल्यावर ३-ए स्टॅबिलाइज्ड आणि ३-बी बाजारभावाने, असं दिसतं.

आता नव्या भाडेकरूचं भाडं साधारण असं ठरतं: मागचं कायदेशीर भाडं, त्यावर बोर्डाची टक्केवारी आणि घरात सुधारणा केल्या असतील तर त्यांचा हप्ता. हप्त्यालाही कमाल मर्यादा आहे. बहुतेक घरांत तो महिन्याला १७८.५७ डॉलरपलीकडे जात नाही. एकच भाडेकरू खूप वर्षं राहून गेला अशा काही घरांत, वेगळ्या अटींवर, ३४७.२२ पर्यंत जातो.

उदाहरण बघा. मागचं कायदेशीर भाडं १,८५०. तुमची लीज १ नोव्हेंबर २०२५ पासून एक वर्षाची. तीन टक्के वाढून झाले १,९०५.५०. मालक मागतोय २,४००. स्वयंपाकघर नवं केलं असेल तर १७८.५७ मिळवा, २,०८४.०७ झाले. वरची मर्यादा धरली तरी २,२५२.७२. उरलेल्या जवळजवळ दीडशे डॉलरचं उत्तर मालकाने कागदावर द्यायला हवं. कागद नसेल तर ते जादा भाडं आहे.

हे सगळं दिसतं त्या कागदाचं नाव रेंट स्टॅबिलायझेशन लीज रायडर. मागचं कायदेशीर भाडं किती होतं आणि तुमचं भाडं कसं काढलं, हे त्यात मालकाने लिहून द्यायचं असतं. सहीच्या टेबलावर तो पहिल्यांदा हातात येऊ देऊ नका, दोन दिवस आधी ईमेलवर मागवा. रायडर कोरा असेल, किंवा मागच्या भाड्याच्या जागी तुमचंच भाडं लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबा.

आणखी एक कागद हल्ली उपयोगी पडतो. २०२४ पासून न्यूयॉर्क शहरातल्या लीजला 'गुड कॉज' कायद्याची सूचना जोडावी लागते. घर त्या कायद्यातून वगळलेलं असेल तर कारण लिहावं लागतं आणि 'भाड्याचं नियमन आधीच लागू आहे' हे त्यातलं एक कारण आहे. स्टॅबिलाइज्ड घराच्या सूचनेत हेच कारण यायला हवं. तिथे 'को-ऑप किंवा काँडो' असं लिहिलं असेल, तर ब्रोकरने तोंडी काहीही सांगितलेलं असो, विषय संपला.

सवलतीच्या भाड्याचे दोन प्रकार असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार प्रेफरन्शियल रेंट. कायदेशीर भाडं ३,१०० नोंदलेलं आहे, पण मालक तुमच्याकडून २,३०० घेतो. हे तुमच्या फायद्याचं आहे. २०१९ पासून तुम्ही राहता तोवर वाढ २,३०० वरच लागते. तुम्ही घर सोडल्यावर नव्या माणसाकडून मालक ३,१०० च्या हिशोबाने घेऊ शकतो. दोन्ही आकडे लीजमध्ये स्पष्ट लिहिलेले हवेत.

दुसरा प्रकार 'एक महिना फुकट'. लीजमधलं भाडं २,६००, बारा महिन्यांत एक महिना माफ, म्हणून जाहिरातीत २,३८३ छापलेलं. पुढच्या वर्षी तीन टक्के वाढ २,६०० वर लागते आणि भाडं २,६७८ होतं. जाहिरातीच्या आकड्यावर घरखर्चाचं गणित बसवलेल्या माणसाला महिन्याला २९५ डॉलर जास्त मोजावे लागतात. लाँग आयलंड सिटीच्या नव्या काचेच्या इमारतींत हा प्रकार सर्रास दिसतो. अशा करसवलतीच्या इमारतीत आणखी एक गोष्ट विचारा: सवलत कुठल्या वर्षी संपते आणि संपल्यावर घर कायद्याबाहेर जाईल अशी सूचना लीजमध्ये आहे का?

टप्पा ७: सही आणि पैसे

लीजवर पती-पत्नी दोघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर झाली असेल तरी तिथे राहणाऱ्या जोडीदाराला नंतर नाव घालून घेण्याचा हक्क आहे. चौघांनी मिळून घर घेत असाल तर ज्याचं नाव लीजवर नाही त्याचा नूतनीकरणावर हक्क नाही, हे चौघांनाही आधी माहीत असू द्या.

डिपॉझिट एका महिन्याचं. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली लीज हातात आल्याशिवाय झेलने (बँकेतून लगेच पैसे पाठवायच्या सोयीने) पैसे पाठवू नका. भारतात असताना व्हिडिओवर घर पाहून पैसे पाठवलेले आणि इथे उतरल्यावर त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहताना पाहिलेले लोक मला भेटले आहेत. आधी महिनाभर कुणाच्या तरी घरी किंवा सबलेटमध्ये (भाडेकरूने पुढे भाड्याने दिलेल्या घरात) उतरा, पण घर स्वतः पाहूनच घ्या.

टप्पा ८: चावी मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात भाड्याचा इतिहास मागवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. घराचा नोंदणीकृत भाडे इतिहास डीएचसीआर फक्त भाडेकरूला किंवा मालकाला देतं, त्यामुळे सही करण्याआधी तुम्हाला तो स्वतः मागवता येत नाही. जाणारा भाडेकरू ओळखीचा असेल तर त्याच्याकडून मिळतो, किंवा मालकाकडे मागून बघता येतो. एरवी राहायला गेल्यावर लगेच खात्याच्या साइटवरून अर्ज करा. एक पैसाही लागत नाही आणि मालकाला कळवावंही लागत नाही.

कागद टपालाने त्याच घराच्या पत्त्यावर येतो. म्हणून आधी टपालपेटीवर स्वतःचं नाव लावा. माझ्या पेटीवर तीन महिने जुन्याच भाडेकरूचं नाव होतं आणि माझं पाकीट परत गेलं.

कागदावर वर्षावार ओळी असतात: नोंदणीचं वर्ष, घराची स्थिती, भाडेकरूचं नाव, लीजच्या तारखा, कायदेशीर भाडं, सवलतीचं भाडं आणि बदलाचं कारण. वरून खाली नुसतं वाचू नका, पेन घेऊन बसा.

'आरएस' म्हणजे स्टॅबिलाइज्ड. 'व्हीए' म्हणजे तेव्हा घर रिकामं होतं. 'टीई' म्हणजे तात्पुरतं वगळलेलं, उदाहरणार्थ मालक स्वतः किंवा इमारतीचा कर्मचारी राहत होता. 'पीई' म्हणजे कायमचं वगळलेलं आणि पुढे कारण, बहुधा 'हाय रेंट व्हेकन्सी' (घर रिकामं झाल्यावर भाडं मर्यादेपलीकडे गेलं). एखाद्या वर्षापुढे नोंद सापडत नाही असं लिहिलेलं असेल तर त्या वर्षी मालकाने नोंदणीच केली नव्हती. नोंदणी दर वर्षी १ एप्रिलच्या स्थितीप्रमाणे जुलैअखेर करायची असते. ती केली नसेल तर करेपर्यंत मालकाला वाढ घेता येत नाही.

प्रत्येक दोन ओळींमधली वाढ टक्क्यांत काढा आणि बोर्डाच्या त्या वर्षीच्या दराशी ताडून बघा. बोर्डाच्या साइटवर सगळ्या वर्षांचे दर आहेत. समजा २०१६ ला 'आरएस' १,६४०, २०१७ ला 'आरएस' १,६४०, २०१८ ला नोंद नाही आणि २०१९ ला एकदम 'पीई, हाय रेंट व्हेकन्सी'. सोळाशेचं घर नोंद नसलेल्या एका वर्षात सत्तावीसशेच्या पलीकडे गेलं असा मालकाचा दावा झाला. वीस टक्के धरले तरी १,९६८ होतात. उरलेलं अंतर घरात मोठं काम करूनच भरता आलं असतं, आणि घरातलं स्वयंपाकघर १९८० सालचं असेल तर? टप्पा ५ मध्ये काढलेले फोटो इथे पुढे ठेवा. असा कागद हातात आला की तज्ज्ञाला दाखवायलाच हवा. घर चुकीच्या पद्धतीने बाहेर काढलं असेल तर आजही ते स्टॅबिलाइज्ड ठरू शकतं.

जादा भाड्याची तक्रार डीएचसीआरकडे आरए-८९ या फॉर्मवर करतात. सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन जास्त घेतलेली रक्कम परत मिळू शकते आणि मालकाने जाणूनबुजून घेतली असेल तर तिप्पट. तक्रारीआधी भाडं भरणं बंद करू नका. ते केलंत की मालक तुम्हाला हाउसिंग कोर्टात खेचतो आणि मूळ मुद्दा मागे पडतो. जॅक्सन हाइट्समध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी घरांच्या प्रश्नांवर काम करणारी छाया ही संस्था आहे आणि शहरभरच्या भाडेकरूंसाठी मेट कौन्सिल ऑन हाउसिंगची हॉटलाइन आहे. आधी त्यांच्याशी बोला. व्हिसा कुठलाही असो, हे हक्क तुम्हाला आहेत.

टप्पा ९: पहिल्या नूतनीकरणापर्यंत

लीज संपण्याच्या १५० ते ९० दिवस आधी मालकाने आरटीपी-८ हा नूतनीकरणाचा फॉर्म पाठवायचा असतो. उत्तर द्यायला तुम्हाला ६० दिवस मिळतात. एक वर्ष की दोन, हे तुम्ही निवडायचं. ३ आणि ४.५ टक्क्यांच्या दरात मी दोन वर्षंच घेईन, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तीन टक्के झाले तर एकेका वर्षाच्या वाटेने सहाच्या वर जातं. सही केलेला फॉर्म सर्टिफाइड मेलने पाठवा, प्रत आणि पावती जपून ठेवा. फॉर्म आलाच नाही तर घाबरून घर शोधायला निघू नका. चालू भाडं भरत राहा आणि मालकाला लेखी कळवा.

आपल्या लोकांचं घर बऱ्याचदा हातचं जातं ते मात्र वेगळ्याच कारणाने. स्टॅबिलाइज्ड घर हे तुमचं मुख्य निवासस्थान असायला हवं. वर्षातले १८३ पेक्षा कमी दिवस तिथे राहिलात तर मालकाला कोर्टात तोच मुद्दा मिळतो. आईवडिलांच्या आजारपणात सात-आठ महिने नाशिकला राहिलेले, किंवा नोकरीसाठी टेक्सासला गेलेले आणि घर मित्राला देऊन ठेवलेले लोक यात सापडतात. जायचंच असेल तर मालकाला सर्टिफाइड मेलने सबलेटची परवानगी मागा. त्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. चार वर्षांत एकूण दोन वर्षांपर्यंत सबलेट करता येतं. त्या माणसाकडून स्वतःच्या कायदेशीर भाड्याहून जास्त घेता येत नाही, घर फर्निचरसह दिलं असेल तरच दहा टक्के जास्त. त्यापेक्षा जास्त घेऊन वरची रक्कम खिशात घालणाऱ्यांनी घरच गमावल्याची उदाहरणं आहेत.

सोडतीची वाट

शहराच्या हाउसिंग कनेक्ट साइटवर नव्या इमारतींतल्या परवडणाऱ्या घरांची सोडत निघते. त्यातली बरीचशी घरं स्टॅबिलाइज्ड असतात. अर्ज विनामूल्य आहे, पैसे मागणारा माणूस फसवतो आहे. प्रत्येक घरासाठी कुटुंबातली माणसं आणि एकूण उत्पन्न यांच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि अर्ज बाद होण्याचं नेहमीचं कारण उत्पन्न चुकीचं भरणं हे असतं. हातात येणारा पगार नव्हे, कापण्याआधीचा पूर्ण पगार लिहा, बोनस धरून. एकाच सोडतीत नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज टाकले तर दोन्ही बाद होऊ शकतात. नंबर लागायला महिने जातात, कधी वर्षं. अर्ज टाकून ठेवा आणि टप्पा २ मधली यादी घेऊन रस्त्यावर उतरा. घरं सहसा महिन्याच्या शेवटी रिकामी होतात, म्हणून दहा ते वीस तारखांच्या दरम्यान सुपरना भेटत राहा.